ठसे धरणारी टेप

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ज्ञानू मोहित्यानं आपली बाजू सावरून गोष्ट सांगितली.

फौजेच्या वर्कशॉपात सतरा वर्षं काढली, हवालदार होऊन पेन्शनीवर आलो. कडेगावला उसाच्या बांधावर बसून विड्या ओढत म्हातारं होण्यापेक्षा सांगलीत एक यंत्र टाकावं असं माझ्या डोक्यात शिरलं. भावकीनं मला वेड्यात काढलं. विजयमालेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मात्र आठ दिवसांत बिऱ्हाड बांधलं. गावाचा कंटाळा तिला माझ्याहून जास्त आला होता.

यंत्र प्लॅस्टिकच्या पिशव्या छापायचं. शहात्तर साली आमच्या भागात ते नवलाचंच होतं, बघायला माणसं दारात उभी राहायची. दोन रंगांचं, अहमदाबादहून आणलेलं जुनं, पण मी त्याचा नटबोल्ट नटबोल्ट सुटा करून पुन्हा जोडला होता. कागदावर छापायचे शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, प्लॅस्टिकवर चालत नाहीत. तिथं रबराचे ठसे लागतात. ते ठसे पोलादी रुळावर चिकटवायचे. रूळ फिरला की ठशाला शाई लागते आणि खालून पळणाऱ्या प्लॅस्टिकवर छाप उमटतो. यंत्र भरात आलं की काय सांगू, मिनिटाला चाळीस-पन्नास छाप! माझं काळीज त्या आवाजाबरोबर पळायचं.

ठसे कोरणारा माणूस मी कराडहून आणला. चांदसाहेब मुल्ला त्याचं नाव. तिथल्या एका छापखान्यात बावीस वर्षं नोकरीला होता. दिवसभर खिळे जुळवायचा आणि उरल्या वेळात रबरावर अक्षरं कोरायचा. उलटी अक्षरं, तीही तांदळाच्या दाण्याएवढी. मी ते काम बघितलं आणि तिथल्या तिथं म्हणालो, "नोकर म्हणून न्हाई, भागीदार म्हणून चल. यंत्र माजं, अक्षरं तुजी." त्यानं विचार करायला तीन महिने घेतले. चांदसाहेबाला कुठल्याही गोष्टीला तीन महिने लागतात. शेवटी हत्यारांची पेटी घेऊन एकटाच आला. बायको जरिना आणि दोन मुली कराडलाच ठेवल्या. बस्तान बसलं की आणतो, म्हणाला.

मला तो हवालदारसाहेब म्हणायचा. भागीदारानं साहेब म्हणू नये, असं मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. "व्हय, हवालदारसाहेब," असं तो म्हणायचा आणि खाली मान घालून कोरायला लागायचा.

सुरुवातीचे तीन महिने बियाण्याच्या नि चिवड्याच्या पिशव्या केल्या. ठसे आम्ही सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवायचो. धरायचे घट्ट, पण सोल्युशनातल्या पेट्रोलनं रबर फुगायचं, अक्षरं जाडी व्हायची आणि ठसा काढताना हमखास फाटायचा. चिवडेवाल्याला त्याचं काही नव्हतं. नाथाजी शेटला होतं.

नाथाजी शेट हळदीचे व्यापारी. आमची खोली त्यांच्या गोदामाला लागूनच होती. पलीकडं हळद पॉलिश करायचा ढोल दिवसभर गडगडायचा आणि पिवळी धूळ आमच्या डोक्यावर, चहात, भाकरीत, सगळीकडं बसायची. एक दिवस शेट स्वतः आत आले. त्यांना हळदपुडीच्या पिशव्या छापून हव्या होत्या, पाच हजार. वर मोठं पिवळं हळकुंड, खाली तांबड्या अक्षरांत दुकानाचं नाव, त्याखाली बारीक ओळीत वजन आणि पत्ता. चांदसाहेबानं ठसे कोरले आणि पंधरवड्यानं, एका शुक्रवारी, आम्ही ते सोल्युशननं लावून दहाबारा नमुने काढून दाखवले. शेटनी पिशवी डोळ्यांपुढं धरली.

"हळकुंड झकास हाय," ते म्हणाले. "पन ही खालची ओळ अक्षरांची हाय का मुंग्यांची?"

चांदसाहेब लाजेनं लाल झाला. कोरलेली ओळ स्वच्छ होती, फुगलेल्या रबरानं तिचं वाटोळं केलं होतं.

"येत्या बेस्तरवारी दुपारी माजा ट्रक निगतोय," शेट म्हणाले. "तवर नीट करून दिलंसा तर वर्साचं काम तुमचं. न्हाईतर म्या पुन्याला सांगतो."

त्याच संध्याकाळी चांदसाहेबाला कराडहून पत्र आलं. त्याच्या जुन्या मालकाचं, दादासोंचं. तुझी जागा गुरुवारपर्यंत रिकामी ठेवतो, मग दुसरा माणूस घेणार, असं लिहिलं होतं. चांदसाहेबानं पत्र माझ्या हातात दिलं. मला काय ते कळलं. ती बारीक ओळ नीट आली नाही, तरी माझी पेन्शन मला होती. ह्या माणसाची बावीस वर्षांची नोकरी मी माझ्या शब्दावर सोडायला लावली होती, आणि ती गुरुवारनंतर परत मिळणार नव्हती.

कोल्हापुरातल्या छपाईच्या सामानाच्या दुकानदारानं फोनवर तोडगा सांगितला. ठसे चिकटवायला आता दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप मिळते म्हणे. एक बाजू रुळाला, दुसरी ठशाला. रबर फुगत नाही, फाटत नाही, ठसा पाहिजे तेव्हा सोडवता येतो. त्यानं तीन प्रकारच्या टेपांचे नमुने एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ देऊन पाठवले. एक कापडी, मध्यम जाडीची. एक कागदासारखी पातळ. आणि एक फोमची, जाड, बोटानं दाबली की पावासारखी दबणारी. "मुंबईला आता फोमचीच चालते," असं त्यानं चिठ्ठीत लिहिलं होतं.

मला तर शनिवारी सकाळी कधी एकदा यंत्र सुरू करतो असं झालं होतं. चांदसाहेबानं काय करावं? तीन टेपांचे तीन तुकडे कापून स्वतःच्या मनगटावर चिकटवले आणि बसला. मग काचेवर चिकटवले. मग उन्हात तापलेल्या पत्र्यावर. एक-एक सोलायचा, कान जवळ नेऊन आवाज ऐकायचा, नाकाला लावायचा.

"वास कशाला घेतोस?" मी म्हणालो. "भजी हाय का ती?"

"हवालदारसाहेब, डिंक कच्चा आसंल तर वास येतो."

"आला का मग?"

"न्हाई."

असा एक तास गेला. मी यंत्राभोवती फेऱ्या मारून मारून जमीन झिजवली. शेवटी तो म्हणाला, "कापडी बरी वाटती." मी म्हणालो, हे मी तासापूर्वी नाणं उडवून सांगितलं असतं.

आमच्यात कामाची वाटणी पक्की होती. रूळ पुसणं, तेलपाणी, यंत्र चालवणं माझं. टेप लावणं, ठसे बसवणं त्याचं. मी रूळ फडक्यानं पुसून लख्ख केला. त्यानं कापडी टेप लावली, वर ठसे बसवले, अंगठ्यानं दाबून दाबून चारी कडा बसवल्या. यंत्र सुरू झालं आणि बारीक ओळ अशी उमटली, अशी उमटली, की मी जोरात आरोळी ठोकली. पलीकडचे हमाल धावत आले. 'सांगली'तलं अक्षर मुगाएवढं, पण वेलांटीचा वळसासुद्धा स्पष्ट!

तीनशे छाप झाले असतील. हळकुंडाच्या ठशाची पुढची कड उचलली गेली, मग टेपेसकट ठसा रुळावरून सुटला आणि शाईच्या ताटात जाऊन पडला. पाठोपाठ तांबडी अक्षरंही गेली. मी यंत्र बंद केलं. ठशाला टेप चिकटलेली होती, घट्ट. रुळाला मात्र तिनं धरलं नव्हतं.

रविवारी पातळ टेप लावून बघितली. ती दोनशेवरच सुटली. चांदसाहेबानं ठसे सोडवले, स्पिरिटनं रुळावरचा उरलासुरला डिंक काढला. मला दुपारच्या गाडीनं कडेगावला जायचं होतं, चुलतभावाचा साखरपुडा होता. गेलो, पण तिथं माझं लक्ष लागेना. जेवायच्या पंगतीत शेजारच्याला मी टेपेचे प्रकार सांगत बसलो. आई मनुबाई म्हणाली, "ह्येला कुनीतरी लाडू वाढा, म्हंजी त्वांड बंद हुईल."

सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत आलो. रुळावर रातभरात बसलेली हळद पुसली, चांदसाहेबानं फोमची टेप लावली, आणि यंत्र सुरू केलं. तीनशे गेले. पाचशे गेले. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. हजार झाले तरी ठसे जागचे हलले नाहीत! मी चांदसाहेबाला उचलून गरकन फिरवला. तो बिचारा पायानं जमीन शोधत होता.

"सापडली गड्या! मुंबई ती मुंबई!" मी ओरडलो.

त्यानं मात्र छापलेलं प्लॅस्टिक उजेडात धरलं होतं. "अक्षरं चांगली आलीत," तो म्हणाला. "पन हळकुंड बघा. देवी आल्यागत वण दिसत्यात. टेप मऊ हाय. येवढा मोठा भरीव ठसा मऊ गादीवर दाबच घेत न्हाई. हळकुंडाला कापडीच पायजे."

"कापडी सुटली की रं! धरती ती टेप खरी. शेट हळकुंडाचं वण मोजत बसनार न्हाई."

"मोजतील," चांदसाहेब म्हणाला.

त्यात तथ्य होतं, आणि म्हणूनच मला राग आला. नमुन्याची टेप अर्ध्या रुळापुरतीच होती, पाच हजार छापायला ठसे नीट पुन्हा लावावे लागणार होते. मी ठसे सोडवून ठेवायला सांगितलं आणि कोल्हापूरची गाडी पकडली. फोमचे दोन गुंडे घेऊन दिवेलागणीच्या आत परतलो. चांदसाहेबानं रूळ स्पिरिटनं स्वच्छ करून ठेवला होता. मी रोजच्यासारखं माझं तेलपाणी उरकलं आणि शीळ घालत घरी गेलो.

मंगळवारी नवी टेप दीडशे छापांत सुटली.

दीडशे! काल हजारावर धरणारी, मुंबईत चालणारी, मी स्वतः पिशवीत घालून आणलेली टेप. ठसे शाईत, शाई माझ्या सदऱ्यावर. पुन्हा लावली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा लावली, तशीच. माझ्या डोक्यात सणक गेली. यंत्र तेच, टेप तीच, ठसे तेच. मग उरलं काय? लावणाऱ्याचे हात.

"तुज्या हातात दम ऱ्हायला न्हाई," मी म्हणालो. "हात थरथरत्यात तुजं. दाबायला जमत न्हाई तर सांगायचं हुतंस आधी."

हे मी बोललो. पलीकडं हमालांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो. चांदसाहेबानं आपले हात पुढं धरले आणि त्यांच्याकडं बघितलं. बोटांची टोकं वीस वर्षं चाकू धरून लाकडासारखी कडक झालेली. थरथरत नव्हते, पण त्यालाही ते नक्की सांगता येत नव्हतं असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. मग त्यानं आपले चाकू एकेक करून फडक्यात गुंडाळले.

"दादासोंनी जागा ठेवलीया तवरच जातो," तो म्हणाला. "सव्वासाची गाडी हाय."

मी त्याला थांबवलं नाही. तोंड उघडलं असतं तर आणखी वाईटच बाहेर पडलं असतं.

साडेपाचला विजयमाला चहा घेऊन आली. मी रुळापाशी उकिडवा बसून फडकं फिरवत होतो. काही सुचत नसलं की माझे हात आपलं रोजचं काम करतात. ती बघत उभी राहिली.

"चांदसाहेब भावजी पेटी घेऊन चालल्यात. काय बोलला तुमी त्येस्नी?"

"काय न्हाई."

"आनि ह्ये काय लावताय?"

"त्याल."

"रोज लावता?"

"रोज संध्याकाळी. सतरा वर्सं लावतोय. पोलाद उघडं ठिवलं की गंजतंय. रायफल आसू न्हाईतर यंत्र." फौजेत ह्या एका गोष्टीवर मी पोरांना उन्हात उभं केलं आहे. फडक्याला तेल असं घ्यायचं, की पोलादावर बोट फिरवलं तरी बोटाला लागू नये. मला त्याचा अभिमान होता.

विजयमालेनं चहाची किटली खाली ठेवली. "मग परवा तुमी गावाला हुता, तवा कुनी लावलं?"

"कुनी न्हाई. त्यो यंत्राला हात..."

माझ्या हातातलं फडकं थांबलं. रविवारी संध्याकाळी रुळाला तेल लागलं नव्हतं. सोमवारी टेपेनं धरलं. शनिवारी, रविवारी, मंगळवारी, आदल्या संध्याकाळी मी तेल लावलेलं होतं, आणि प्रत्येक वेळी टेप रुळापासून सुटली होती. सकाळी मी कोरड्या फडक्यानं हळद पुसायचो, तेल तिथंच राहायचं. पंक्चरच्या सोल्युशनात पेट्रोल होतं, ते तेल खाऊन पोलादाला चिकटायचं, म्हणून तीन महिने कुणाला पत्ता लागला नाही. आणि मी स्वतः, हवालदार ज्ञानू मोहिते, जवानांना शिकवायचो की ट्यूबला पॅच लावायच्या आधी तेलकट हात लागता कामा नये!

"तेलाच्या बरनीवर म्या चिठ्ठी चिकटिवली तर दुसऱ्या दिवशी पडतीच की," विजयमाला म्हणाली. एवढं बोलून ती कपात चहा ओतायला लागली.

चहा तसाच राहिला. मी सायकल काढली. किती वाजले होते मला ठाऊक नव्हतं. रिक्षावाल्यांच्या शिव्या खात, गुळाच्या गाड्यांमधून वाट काढत मी स्टँड गाठलं, आणि तेव्हा लक्षात आलं की तेलाचं फडकं अजून माझ्या मुठीत आहे. कराडची गाडी लागलेली होती. इंजिन सुरू होतं. तिसऱ्या खिडकीत चांदसाहेब, मांडीवर पेटी.

"चांदसाहेब, खाली उतर!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "हवालदारसाहेब, भांडायचं आसंल तर पत्रानं भांडा. मानसं बघत्यात."

"भांडायला न्हाई आलो. माजं चुकलं. टेप न्हाई, तुजा हात न्हाई, मीच." मला धाप लागली होती. फडकं मी खिडकीतून आत धरलं. "रोज रुळाला ह्ये लावतोय मी. रोज संध्याकाळी. रविवारी न्हवतो, तवा लागलं न्हाई. म्हनून सोमवारी टेपंनं धरलं."

त्यानं फडकं हातात घेतलं, नाकाला लावलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्याचा रंग बदलला. चांदसाहेबाला रागावलेला मी कधीच बघितला नव्हता, आणि रागावला तर कसा दिसेल ह्याचा विचारही केला नव्हता.

"ज्ञानू!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की गाडीतली बायामाणसं वळून बघायला लागली. "अरं चार दिस म्या माजं हात बघतोय! भाकरी खाताना बघतोय, नमाज पढताना बघतोय. म्हनलं, संपलं. आता बारीक काम व्हायचं न्हाई आपल्यानं. पोरींस्नी काय खायला घालू म्हनून डोळ्याला डोळा न्हाई माज्या! आनि तू तेलाचं बोळं फिरवत बसलास व्हय रं?"

मी मान खाली घातली. सतरा वर्षांच्या नोकरीत मेजरसाहेबांसमोरही मी एवढा शरमिंदा झालो नव्हतो. हजार छापांची नाही, ह्या माणसाच्या बोटांची मी नासाडी करायला निघालो होतो.

"उतरनार का बसनार?" कंडक्टर म्हणाला.

"उतरनार," चांदसाहेब त्याच्यावरही खेकसला.

मी पेटी घ्यायला हात पुढं केला. त्यानं दिली नाही. "तेलकट हायत हात तुजं," म्हणाला. सायकल हातात धरून मी, आणि पेटी छातीशी धरून तो, असे आम्ही चालत आलो. वाटेत त्यानं मला आणखी बरंच सुनावलं. मी सगळं ऐकून घेतलं. आणि खरं सांगू? मला इतकं बरं वाटत होतं की तो थांबू नये असं वाटत होतं.

बुधवारी उजाडताच कामाला लागलो. त्यानं मला रुळाजवळ येऊ दिलं नाही. स्वतः स्पिरिटनं तीनदा पुसला, कागद फिरवून बघितला, पुन्हा पुसला. मग टेप निवडायला बसला, आणि आता निवडणं खरं निवडणं होतं. कारण स्वच्छ पोलादावर तिन्ही टेपा धरत होत्या.

"हळकुंड भरीव हाय, त्येला कापडी," तो म्हणाला. "कडक गादी, दाब पुरा. अक्षरं बारीक, त्येस्नी फोम. मऊ गादीवर ती चेंगरत न्हाईत."

"पन फोम जाड, कापडी बारीक," मी लांबूनच म्हणालो. "एक ठसा उंच, एक बुटका. एका फेऱ्यात दोन्ही ठशांखालनं प्लॅस्टिक सारखं पळनार न्हाई. पिवळं एकीकडं जाईल, तांबडं दुसरीकडं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदाच माझ्या तोंडून उपयोगाचं काहीतरी निघालं होतं. "मोज," तो म्हणाला.

वर्कशॉपातून येताना मी एक मायक्रोमीटर विकत आणला होता. तो घेऊन बसलो. नमुन्यातली उरलेली कापडी टेप आणि तिच्यावर पातळ टेप, दोन्ही मिळून मोजल्या. फोमपेक्षा केसभर कमी भरल्या. फोम ठसा दाबल्यावर तेवढी बसतेच. मी आकडा ओरडून सांगितला आणि चांदसाहेब चक्क हसला. कापडीवर पातळ, तिच्यावर हळकुंड. फोमवर अक्षरं. टेप लावताना तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अंगठा असा न्यायचा की खाली हवेचा एक फुगा राहू नये. मी त्याचे हात बघत होतो. देवळात बघावं तसा बघत होतो.

यंत्र सुरू केलं. शंभर, दोनशे, तीनशे. तीनशेला दोघांनीही एकमेकांकडं न बघण्याचं ठरवल्यासारखं झालं. पाचशेला विजयमाला येऊन दारात उभी राहिली. हजाराला ढोलावरचे हमाल आले. हळकुंड असं भरीव की हातात घेऊन किसावं. खाली तांबडी ओळ, अक्षर न् अक्षर सुटं. दोन हजार. मी यंत्राचा वेग वाढवला, चांदसाहेबानं ओरडून कमी करायला लावला, आणि मी निमूट कमी केला. विजयमालेनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला. पाच हजारावर यंत्र थांबलं तेव्हा ठसे सकाळी लावले होते तसेच होते. कडेला नख घालून बघितलं, हलेनात.

गुरुवारी अकराला नाथाजी शेट आले. चष्मा न लावता त्यांनी बारीक ओळ वाचली, वजन, पत्ता, शेवटपर्यंत. हळकुंडावर अंगठा घासला. मग पिशवी उलटी करून, उजेडात धरून बघितली.

"पयल्या येळंलाच आसं का न्हाई केलंसा?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडनं चूक झाली, शेट," चांदसाहेब म्हणाला.

आमच्याकडनं! मला ते सहन होईना. "आमच्याकडनं न्हाई, माज्याकडनं," मी म्हणालो, आणि तेलाची सगळी गोष्ट शेटना सांगून टाकली, हमालांसमोर, स्टँडसकट. ढोलावरची माणसं पोट धरून हसली. शेटही हसले, डोळे पुसले, आणि वर्षाचं काम आम्हाला देऊन ट्रकामागं गेले.

त्या संध्याकाळी चांदसाहेबानं दादासोंना पत्र लिहिलं, जागा दुसऱ्याला द्यावी म्हणून. पाकीट बंद करून खिशात घातलं आणि यंत्रापाशी आला. पुढच्या रोलासाठी त्यानं रूळ स्पिरिटनं पुसून उघडा ठेवला होता.

"ज्ञानू, रविवारी कराडला जातोय," तो म्हणाला. "जरिनाला आनि पोरींस्नी घिऊन येतो. दिवसभर न्हाई मी. यंत्राकडं बघशील न्हवं?"

"बघीन की. त्यात काय."

"नुसतं बग," चांदसाहेब म्हणाला. "हात लावू नगंस."

रविवारी सकाळी सात ते संध्याकाळी त्यांची गाडी येईपर्यंत मी त्या रुळासमोर खुर्ची टाकून, दोन्ही हात खिशात घालून बसून होतो.